मतदारयादीत नसलेला प्रेक्षक

गेल्या महिन्यात आमच्या उपनगरात भरलेल्या कुटुंब मेळाव्यात दूरचित्रवाणी मालिकांवर एक परिसंवाद झाला. वक्त्यांमध्ये मालिकांचे एक लेखक होते. गृहस्थ सुसंस्कृत, बोलणे मृदू, वाचन चांगले. प्रश्नोत्तरांच्या वेळी माता-भगिनींनी त्यांच्यावर भडिमार केला. दुधात विष कालवणाऱ्या सासवा कुठून आणता, एकाच नायकाची तीन-तीन लग्ने कशासाठी लावता, देवघरासमोर उभे राहून कटकारस्थाने रचणारी ही कुटुंबे कोणत्या गावची, असे एक ना अनेक प्रश्न आले. लेखकमहाशयांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि एका वाक्यात विषय मिटवला. ‘टीआरपी ही दर आठवड्याची निवडणूक आहे,’ ते म्हणाले, ‘लोक मत देतात, आम्ही जनादेश शिरोधार्य मानतो.’

सभागृह निरुत्तर झाले. जनादेश हा शब्द उच्चारला की आपला मध्यमवर्ग आपोआप हात जोडतो. पुढच्या रांगेत एका वयोवृद्ध निवृत्त शिक्षिकेचा हात वर होता. परंतु चहाची वेळ झाली असल्याने सूत्रसंचालकांनी आभारप्रदर्शन उरकून घेतले.

‘टीआरपी म्हणजे लोकमत’ हा युक्तिवाद त्या लेखकाचा स्वतःचा नाही. तो आपल्याकडे मापनयंत्रांबरोबर आयात झालेला आहे आणि त्याची जन्मभूमी अमेरिका आहे. तेव्हा त्याची परीक्षा आधी त्याच्या माहेरीच घेतलेली बरी. जिथे हा जनादेश पाऊण शतक मोजला जात आहे, तिथे तो खरोखर कोणाचा असतो, हे पाहिले की आपल्याकडच्या पंडितांना उत्तर देणे सोपे जाईल.

आपल्याकडे घटस्थापनेची लगबग असते, साधारण त्याच सुमारास अमेरिकेत दूरचित्रवाणीचे नवे वर्ष सुरू होते. पानगळीच्या या हंगामाला तिथे ‘फॉल सीझन’ म्हणतात. उन्हाळ्यात माणसे घराबाहेर असतात; दिवस लहान होऊ लागले, शाळा सुरू झाल्या, की कुटुंबे संध्याकाळी घरात जमतात. म्हणून सप्टेंबरच्या अखेरीस एनबीसी, सीबीएस, एबीसी आणि १९८६ नंतर फॉक्स या मोठ्या वाहिन्या आपल्या जुन्या मालिकांची नवी पर्वे आणि कोऱ्या मालिका एकाच पंधरवड्यात मैदानात उतरवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आकडे येतात. जुनी मालिका गतवर्षीच्या तुलनेत कुठे आहे, नवी मालिका तग धरेल की नाही, याचा निकाल अनेकदा तीन-चार आठवड्यांत लागतो. काहींचा तर त्याहूनही लवकर लागतो. फॉक्सची ‘लोन स्टार’ ही मालिका २० सप्टेंबर २०१० रोजी सुरू झाली. समीक्षकांनी त्या वर्षीच्या उत्तम नव्या मालिकांत तिची गणना केली होती. दोन भागांनंतर ती बंद झाली. दोन भागांत तर आपल्याकडे शीर्षकगीतही पुरते ओळखीचे होत नाही!

एवढी घाई कशासाठी? लोकमताचा आदर म्हणून? याचे उत्तर सप्टेंबरमध्ये शोधून सापडत नाही. त्यासाठी मे महिन्यात जावे लागते. मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये या वाहिन्या जाहिरातदारांचा मेळावा भरवतात. तेथे आगामी हंगामातील मालिकांची झलक दाखवली जाते आणि जाहिरातींचा बहुतांश वेळ एकही भाग प्रक्षेपित होण्यापूर्वी विकला जातो. विकताना हमी दिली जाते, की अमुक वयोगटातील इतके डोळे आम्ही तुमच्या जाहिरातीसमोर आणून बसवू. मालिका त्या हमीपेक्षा कमी पडली, तर वाहिनीला तूट भरून काढण्यासाठी जाहिरातदाराला आणखी वेळ फुकट द्यावा लागतो. म्हणजे पडलेली मालिका आठवडाभर अधिक चालवली की दुकानातील तेवढा माल फुकट गेला. आता या व्यवहारात विक्रेता कोण, ग्राहक कोण आणि माल कोण, हे ज्याने त्याने पाहावे. वाहिनी विक्रेता, जाहिरातदार ग्राहक. मग सोफ्यावर बसलेल्या कुटुंबाच्या वाट्याला कोणती भूमिका उरली? निवडणुकीत मतदार कोणाला तरी निवडतो. इथे त्याचीच मोजदाद करून त्याला वजनावर विकले जाते.

मोजदाद करणाऱ्या संस्थेचा इतिहासही या दृष्टीने बोलका आहे. आर्थर नील्सन यांनी १९२३ मध्ये शिकागोत आपली कंपनी स्थापली. औषधांच्या आणि किराण्याच्या दुकानांतून कोणत्या मालाचा खप किती, हे मोजून उत्पादकांना कळवणे हा या कंपनीचा नावारूपाला आलेला व्यवसाय. १९३६ मध्ये त्यांनी मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील दोन प्राध्यापकांकडून रेडिओला जोडण्याचे एक नोंदयंत्र मिळवले. पुढे रेडिओचे आणि १९५० पासून दूरचित्रवाणीचे मापन सुरू झाले. फळीवरच्या बाटल्या मोजणारी नजर दिवाणखान्यातील माणसांवर स्थिरावली. १९७० च्या सुमारास अमेरिकेत दूरचित्रवाणी संच असलेली सुमारे सहा कोटी घरे होती आणि नील्सनची यंत्रे होती सुमारे बाराशे घरांत. सरासरीने एक घर पन्नास हजार घरांच्या वतीने बोलत होते.

नमुना लहान असतो म्हणून तो खोटाच असतो, असे म्हणण्याचा अडाणीपणा आपण करू नये. शितावरून भाताची परीक्षा होते, ही गोष्ट आपल्या आया-बहिणींना संख्याशास्त्रज्ञांच्या आधीपासून ठाऊक आहे. मात्र शीत उचलताना भात नीट ढवळलेला असावा लागतो. अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहातील एका उपसमितीने १९६३ मध्ये ऑरेन हॅरिस यांच्या अध्यक्षतेखाली या मापनव्यवसायाची जाहीर चौकशी केली. तेव्हा नमुना निवडण्यातल्या आणि नोंदी ठेवण्यातल्या इतक्या उणिवा चव्हाट्यावर आल्या, की पुढच्याच वर्षी प्रक्षेपकांना मापनसंस्थांवर देखरेख करणारे मंडळ स्थापावे लागले. निवडणुकीची उपमा द्यायचीच तर ही अशी निवडणूक होती, की जिच्यात मतदारयादी गुप्त, मतमोजणी खासगी आणि निवडणूक आयुक्ताचे वेतन उमेदवार देतात.

परंतु खरा प्रश्न नमुन्याच्या आकाराचा नाहीच. तो १९७१ मध्ये उघडा पडला.

१९६० च्या दशकात सीबीएस ही अमेरिकेतील अग्रगण्य वाहिनी होती आणि तिच्या यशाचा मोठा आधार ग्रामीण जीवनावरील मालिका हा होता. ‘द बेव्हर्ली हिलबिलीज’ १९६२ मध्ये सुरू झाली आणि पहिली दोन वर्षे साऱ्या देशात पहिल्या क्रमांकावर राहिली. ‘ग्रीन एकर्स’, ‘मेबेरी आर. एफ. डी.’, ग्रामीण गाण्यांचा आणि विनोदांचा ‘ही हॉ’ हा कार्यक्रम, ‘लॅसी’ या इमानी कुत्रीची गोष्ट असा हा सारा परिवार. विनोद कधी बाळबोध, कधी वात्रट. पण आजोबांपासून नातवापर्यंत एकत्र बसून पाहता येईल असा. न्यूयॉर्कमधील शहाण्यांना हे कार्यक्रम म्हणजे खेडवळांचा धुडगूस वाटे. त्याच सुमारास मापनाच्या कसोटीत एक चलाखी रुळत होती. तिन्ही वाहिन्यांत मागे पडलेल्या एबीसीचा प्रेक्षक तुलनेने तरुण होता. एकूण संख्येत हरणाऱ्या या वाहिनीने जाहिरातदारांना पटवायला सुरुवात केली, की किती लोक पाहतात याला महत्त्व देऊ नका, कोण पाहतात ते बघा. अठरा ते एकोणपन्नास वयाचा, शहरात राहणारा, हातात पैसा खेळणारा प्रेक्षक तेवढा खरा. बाकीचे पाहतात, पण घेत नाहीत.

सीबीएसचे अध्यक्ष रॉबर्ट वुड आणि कार्यक्रमप्रमुख फ्रेड सिल्व्हरमन यांनी हे तत्त्व इतक्या कठोरपणे अमलात आणले, की १९७० आणि १९७१ या दोन वर्षांत ग्रामीण मालिकांचा जवळजवळ निर्वंश झाला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की या साऱ्याच मालिका काही पडलेल्या नव्हत्या. ‘मेबेरी आर. एफ. डी.’ आणि ‘ही हॉ’ तर बंद झाल्या त्या वर्षीही देशातील पहिल्या वीसांत होत्या. ज्या ‘जनादेशा’पुढे मान तुकवल्याचे सांगितले जाते, तो जनादेश त्यांच्या बाजूने होता. तो केराच्या टोपलीत गेला, कारण मत देणारे हात शेतात राबणारे किंवा सुरकुतलेले होते. ‘ग्रीन एकर्स’मधील नट पॅट बटरम यांनी टोमणा मारला, की ज्या ज्या मालिकेत झाड होते ती ती सीबीएसने बंद केली. त्याच वर्षी एबीसीने वृद्धांचा आवडता ‘लॉरेन्स वेल्क शो’ हा संगीताचा कार्यक्रमही बंद केला.

या दोन कार्यक्रमांचे पुढे काय झाले? ‘ही हॉ’च्या निर्मात्यांनी गावोगावच्या स्वतंत्र प्रक्षेपण केंद्रांना आपला कार्यक्रम थेट विकायला सुरुवात केली आणि तो आणखी दोन दशके चालला. लॉरेन्स वेल्क १९८२ पर्यंत आपला वाद्यवृंद घेऊन प्रेक्षकांसमोर येत राहिले. मोठ्या वाहिन्यांनी मृत घोषित केलेला प्रेक्षक असा जिवंत होता, खुर्चीत बसलेला होता आणि साबणही विकत घेत होता.

आता याच सीबीएसच्या घरातील पुढची घटना पाहा. ग्रामीण मालिकांचा निकाल लावल्यानंतर अवघ्या वर्षभराने, १४ सप्टेंबर १९७२ रोजी, याच वाहिनीवर ‘द वॉल्टन्स’ ही मालिका सुरू झाली. व्हर्जिनिया राज्यातील डोंगरपायथ्याचे एक खेडे, १९३० च्या दशकातील महामंदी, लाकूड कापण्याच्या छोट्या गिरणीवर चाललेला प्रपंच. एका छपराखाली आजी-आजोबा, आई-वडील आणि सात मुले. लेखक अर्ल हॅम्नर यांनी स्कायलर या आपल्या गावातील आपल्याच घराची कथा मांडली होती. मोठा मुलगा लेखक होण्याचे स्वप्न पाहतो आहे. धाकट्यांची भांडणे, आजीचा करडा स्वभाव, आजोबांचा खट्याळपणा, जेवणापूर्वीची प्रार्थना. प्रत्येक भागाच्या शेवटी घरातील दिवे मालवले जात आणि अंधारातून एकेक आवाज दुसऱ्याला शुभरात्री म्हणत असे. ना खून, ना व्यभिचार, ना कारस्थान. आपल्याकडे आज असे कथानक घेऊन कोणी वाहिनीच्या कार्यालयात गेला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावतील.

तिथेही फारसे वेगळे घडले नाही. मालिकेला गुरुवारची रात्र देण्यात आली. समोर एनबीसीवर ‘द फ्लिप विल्सन शो’ होता, जो आधीची दोन्ही वर्षे देशात दुसऱ्या क्रमांकावर होता. एबीसीवर तरुणांची लाडकी ‘द मॉड स्क्वॉड’ होती. या दोहोंच्या मध्ये एक गरीब, सालस, धार्मिक कुटुंब उभे करणे म्हणजे कोकराला बळीच्या खांबाला बांधण्यासारखेच होते. मालिका टिकेल, असे वाहिनीतही फारसे कोणाला वाटत नव्हते. पहिल्या आठवड्यांतील आकडेही तसेच आले. दोन भागांत निकाल लावण्याची आजची रीत तेव्हा असती, तर वॉल्टन कुटुंब नाताळाच्या आत इतिहासजमा झाले असते.

परंतु त्या वेळी वाहिनी थांबली. मालिका अशीच मरू देऊ नका, ती पाहा, अशा आवाहनाच्या जाहिराती वृत्तपत्रांत देण्यात आल्या. पाहणाऱ्याने शेजाऱ्याला सांगितले, शेजाऱ्याने चर्चमध्ये सांगितले. वसंत ऋतू येईपर्यंत ती पहिल्या वीसांत पोहोचली, १९७३ च्या एमी पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट नाट्यमालिका ठरली आणि दुसऱ्या वर्षी, १९७३-७४ मध्ये, देशात दुसऱ्या क्रमांकावर गेली. अजिंक्य मानला गेलेला फ्लिप विल्सन यांचा कार्यक्रम १९७४ मध्ये आटोपला. वॉल्टन कुटुंब १९८१ पर्यंत नऊ वर्षे लोकांच्या घरात राहिले. १९९२ च्या आरंभी राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांनी अमेरिकन कुटुंबे वॉल्टन्ससारखी व्हावीत, अशी इच्छा जाहीर भाषणात बोलून दाखवली होती. मालिका संपून तेव्हा दहा वर्षे उलटून गेली होती.

हे उदाहरण मी विस्ताराने सांगितले, याचे कारण उघड आहे. ‘असले कार्यक्रम लोकांना नको असतात’ हे विधान १९७२ च्या सप्टेंबरमध्ये आकड्यांनी सिद्ध झालेले होते. १९७३ च्या वसंतात तेच आकडे उलटे बोलू लागले. लोक तेच, मालिका तीच, यंत्रेही तीच. मध्ये गेले काय, तर सहा महिन्यांचा वेळ. पहिल्या तीन आठवड्यांचा आकडा प्रेक्षकाच्या रुचीबद्दल फारसे काही सांगत नाही. लोकांना त्या गोष्टीची ओळख झाली आहे की नाही, एवढेच तो सांगतो. कुटुंबात नव्याने आलेली सूनदेखील तीन आठवड्यांत कळत नाही!

विषय आपल्या रुचीचा असेल तेव्हाच हे खरे ठरते असेही नाही. ३० सप्टेंबर १९८२ रोजी एनबीसीवर सुरू झालेली ‘चिअर्स’ ही विनोदी मालिका बोस्टनमधील एका मद्यगृहात घडते. आपल्या घरात तिचे कौतुक होण्याचे कारण नाही. पण पहिल्या हंगामात ती आकड्यांच्या यादीत जवळजवळ तळाशी होती आणि वाहिनीने संयम दाखवला म्हणून अकरा हंगाम चालून १९९३ मध्ये देशातील सर्वाधिक लोकप्रिय मालिकांपैकी एक म्हणून निरोप घेती झाली. संयमाचे फळ मालिकेचा विषय पाहून मिळत नाही.

वयाच्या अटीचा दुसरा बळी अधिक हृद्य आहे. ‘मर्डर, शी रोट’ या १९८४ च्या शरद हंगामात सुरू झालेल्या सीबीएसच्या मालिकेची नायिका एक प्रौढ विधवा लेखिका होती. अँजेला लॅन्सबरी यांनी ती अजरामर केली. रविवारी रात्री वडीलधारी मंडळी ही मालिका श्रद्धेने पाहात. १९९४-९५ मध्येही ती पहिल्या दहांत होती. पण पाहणारे पन्नाशीच्या पुढचे, म्हणून तिच्या जाहिरातींचा भाव तरुणांच्या मालिकांपुढे फिका. १९९५ च्या शरदात तिला रविवारवरून उचलून गुरुवारी, ‘फ्रेंड्स’ या तरुणाईच्या लाडक्या मालिकेसमोर नेऊन बसवले. वर्षभरात ती संपली. जाता जाता लेखकांनी ‘मर्डर अमंग फ्रेंड्स’ नावाचा एक भाग लिहून आपला राग काढला, तेवढेच समाधान.

इथे एक कटू गोष्ट आपल्या माणसांनाही सांगितली पाहिजे. २०११ च्या शरदात एनबीसीने ‘द प्लेबॉय क्लब’ नावाची मालिका आणली. तेथील पालकांच्या एका संघटनेने तिच्याविरुद्ध मोहीम उघडली, अनेक जाहिरातदारांनी अंग काढून घेतले, आकडे घसरले आणि तीन भागांतच मालिका गुंडाळली गेली. अशा बातम्या वाचून आपल्यापैकी अनेकांना आनंद होतो आणि ‘समाजाने नाकारले’ असे आपण लिहून मोकळे होतो. मालिका गेली हे बरेच झाले. परंतु जी फूटपट्टी ‘लोन स्टार’च्या आणि खेड्यातील मालिकांच्या बाबतीत आपण खोटी ठरवतो, ती नावडत्या मालिकेच्या बाबतीत खरी कशी मानायची? पालकांनी जाहिरातदारांना पत्रे लिहिली, हे नागरिकांचे कृत्य होते. त्याचे श्रेय त्यांना द्यावे. तिसऱ्या भागाच्या आकड्याला देऊ नये. उद्या तोच आकडा आपल्या आवडत्या मालिकेच्या गळ्याभोवती येईल, तेव्हा आपल्याजवळ बोलायला तोंड उरणार नाही.

हा दोर आपल्या गळ्याभोवती यापूर्वीच येऊन गेला आहे. १९९८ पासून आपल्याकडे ‘टॅम’ या नावाने जी मापनसंस्था काम करू लागली, ती नील्सन आणि कांतार या दोन परदेशी समूहांची संयुक्त कंपनी होती. तिची यंत्रे शहरांत होती. भारत खेड्यांत राहतो, हे वाक्य निबंधात लिहून गुण मिळवणाऱ्या आपल्या देशात, २०१५ च्या ऑक्टोबरपर्यंत टीआरपीच्या साप्ताहिक हिशेबात खेडे नव्हतेच. सातारा जिल्ह्यातील एखाद्या वाडीत चावडीसमोर संच लावून साठ माणसे एखादा कार्यक्रम पाहात असतील, तर हिशेबात त्यांची संख्या शून्य. क्यूबिकलमध्ये बसणारे तज्ज्ञ त्या काळात दूरदर्शन कोणी पाहात नाही, असे छातीठोकपणे सांगत. ते खोटे बोलत नव्हते. त्यांच्या यादीतील कोणी पाहात नसे.

प्रक्षेपक आणि जाहिरातदार यांच्या पुढाकाराने ‘बार्क’ ही देशी संस्था उभी राहिली. २०१५ मध्ये तिने आकडे देण्यास सुरुवात केली आणि ऑक्टोबरात प्रथमच ग्रामीण भारत त्यांत आला. एका आठवड्यात क्रमवारी हलली. दूरदर्शनच्या मोफत डिशवर दिसणाऱ्या, जुन्या मालिका पुन्हा दाखवणाऱ्या, ज्यांना शहरी माणसाने नावानेही ओळखले नसते अशा वाहिन्या भराभर वर आल्या. खेड्यातील प्रेक्षकाने त्या आठवड्यात आपली आवड बदलली होती काय? तो होता तिथेच होता. यादीत त्याचे नाव तेवढे नव्याने चढले होते. त्यानंतर साडेचार वर्षांनी, २८ मार्च २०२० पासून, टाळेबंदीत दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवायला घेतले. तेहतीस वर्षांपूर्वीची मालिका, आजच्या मानाने साधी दृश्ये, सर्वांना ठाऊक असलेली कथा. पुढचे काही आठवडे दूरदर्शन ही देशात सर्वाधिक पाहिली जाणारी वाहिनी ठरली. ‘आजच्या पिढीला हे चालत नाही’ असे ज्यांनी वर्षानुवर्षे सांगितले, त्यांपैकी कोणी माफी मागितल्याचे ऐकिवात नाही.

यंत्र देशी झाले म्हणजे ते निर्दोष झाले, असेही आपण मानू नये. २००१ मध्ये मुंबईतील मापनयंत्रे बसवलेल्या घरांची गोपनीय यादी फुटली होती, तेव्हा हा व्यवहार किती मूठभर घरांवर तोललेला आहे हे प्रथम लोकांसमोर आले. ऑक्टोबर २०२० मध्ये अशा घरांना पैसे देऊन आकडे फुगवल्याच्या आरोपावरून मुंबई पोलिसांनी गुन्हा नोंदवला. वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे तेव्हा थांबले, ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. खटला २०२४ मध्ये मागे घेतला गेला. त्यातील आरोप-प्रत्यारोपांत शिरण्याचे येथे कारण नाही. देशात दूरचित्रवाणी असलेली घरे तेव्हा सुमारे एकवीस कोटी होती आणि यंत्रे सुमारे चव्वेचाळीस हजार. एका घराचे वजन जवळजवळ पावणेपाच हजार घरांइतके. एवढे वजन ज्या पारड्यात पडते, त्याच्याकडे कोणाची तरी बोटे वळणारच.

अमेरिकेत या शरद हंगामाचे आज काय उरले आहे, तेही पाहण्यासारखे आहे. २०२३ मध्ये आधी लेखकांचा आणि मग नटांचा संप झाला. सप्टेंबर आला तरी नव्या कथामालिका तयार नव्हत्या. सीबीएसने रविवारची रात्र भरून काढण्यासाठी काय आणले? मोंटाना राज्यातील गुरे पाळणाऱ्या एका घराण्याची ‘यलोस्टोन’ ही मालिका, जी दुसऱ्या वाहिनीवर २०१८ पासून दाखवून झाली होती. शिळी मालिका, ग्रामीण पार्श्वभूमी, झाडेच झाडे. आणि तरीही लक्षावधी लोकांनी ती पाहिली. त्यानंतरच्या वर्षी, सप्टेंबर २०२४ मध्ये, त्याच वाहिनीने ‘मॅटलॉक’ आणली. नायिका कॅथी बेट्स, वय शहात्तर. कथेचा गाभाच असा, की म्हाताऱ्या बाईकडे कोणाचे लक्ष जात नाही आणि त्याचाच ती वापर करून घेते. मालिका त्या हंगामातील ठळक यशांपैकी एक ठरली. १९७१ मध्ये ज्यांना वयामुळे आणि गावामुळे बाहेर काढले, त्यांच्याच दारात ही वाहिनी अर्धशतकानंतर परत येऊन उभी आहे. दरम्यान तरुण मंडळी मोबाइलच्या पडद्याकडे निघून गेली. ज्यांच्यासाठी घर झाडून ठेवले ते पाहुणे आलेच नाहीत.

आपल्या मालिका लेखकांचा राग करण्याचे मला कारण नाही. ते पगारी माणसे आहेत. दर गुरुवारी आकडा येतो आणि शुक्रवारी कथेला वळण द्यावे लागते. परंतु त्यांनी आणि त्यांच्या वाहिन्यांनी दोन गोष्टी मान्य कराव्यात. एक म्हणजे, कोणतीही नवी मालिका किमान सहा महिने तिच्या मूळ कथेसह, वाढवलेल्या पाण्याविना चालू द्यावी आणि मग तिचा हिशेब मांडावा. दुसरी, यंत्रे असलेल्या घरांची नावे गुप्तच राहोत, पण ती कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या वयोगटात, किती उत्पन्नाच्या घरांत आहेत आणि त्या प्रत्येकाला हिशेबात किती वजन दिले जाते, हे सामान्य प्रेक्षकाला मराठीत वाचता येईल असे दरवर्षी जाहीर व्हावे. आणि आपणही चांगली मालिका दिसली की ती मुकाट्याने पाहून न थांबता वाहिनीला आणि तिच्या जाहिरातदाराला पोस्टकार्ड टाकावे. निषेधाची पत्रे लिहिण्यात आपण तरबेज आहोत. कौतुकाचे पत्र आपण शेवटचे कधी लिहिले?

त्या मेळाव्यात चहाच्या वेळी मी मुद्दाम त्या निवृत्त शिक्षिकांना गाठले. तुम्हाला काय विचारायचे होते, असे म्हणताच त्या मला हाताला धरून थेट लेखकमहाशयांकडे घेऊन गेल्या. ‘तुम्ही निवडणूक म्हणालात,’ त्या म्हणाल्या, ‘मी एक्काहत्तर वर्षांची. घरात टीव्ही आला त्या दिवसापासून रोज बघते. माझे मत आजवर कुठल्या पेटीत पडले, तेवढे सांगा.’

लेखकमहाशय मनमोकळे हसले. ‘बाई, खरे सांगू? माझ्याही घरी ती पेटी नाही. आमच्या धंद्यातल्या माणसांच्या घरी ती बसवतच नाहीत, नियम आहे तसा. आणि ज्यांच्या घरी आहे असा माणूस पंचवीस वर्षांत मला एकही भेटलेला नाही.’

बाईंनी कप खाली ठेवला आणि विचारले, ‘मग मघाशी तुम्ही जनादेश कोणाचा म्हणालात?’